धाकटीचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही बायकोने दिली. गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती, पण पहिल्या पानावर एका जाकिटाची बाही लिहून तिने ती माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "घरात जे ओरडून सांगता ते ह्यात लिहा. शेजारी दुवा देतील." मी ओरडत नाही. तीस वर्षं फायरिंग रेंजवर उस्ताद म्हणून काढली, आवाज जरा खणखणीत आहे, एवढंच.

लिहायला कारणही मिळालं. आज मोठ्या साहेबांनी बोलावलं. खांद्यावरून मारायची नवी क्षेपणास्त्रं घ्यायची आहेत. हेलिकॉप्टर, ड्रोन, खालून येणारं विमान असं काही डोक्यावर आलं तर चार-पाच किलोमीटरच्या आत गाठून पाडायचं, हे त्यांचं काम. आमची जुनी नळकांडी आता निवृत्तीला आली, माझ्यासारखीच. दोन उमेदवार आहेत. एक बाहेरून येणार, पंधरा-वीस फौजांनी वापरलेलं. दुसरं आपल्याच प्रयोगशाळेत तयार झालेलं, अजून कोणीच न वापरलेलं. आधी आम्ही दोन्ही खांद्यावर घेऊन बघायची, मग समिती ठरवणार. वापरणाऱ्यांमध्ये मुख्य मी. अहवालाखाली सही माझी.

साहेब म्हणाले, "उस्ताद, तुमच्या एका ओळीच्या भरवशावर पुढची वीस वर्षं पोरं उघड्यावर उभी राहणार आहेत." छाती चार बोटं वर आली. हे काम नीट पार पडलं तर मुख्य उस्ताद म्हणून अजून चार वर्षं रेंजवरच, असंही बहुतेक म्हणाले. आजकाल साहेब तोंडातल्या तोंडात बोलतात. वय झालं की होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही पाहुणे आले.

बाहेरचं क्षेपणास्त्र आलं ते काळ्या पेटीत, आत त्याच्या अंगाच्या मापाचा स्पंज, वर चार सील आणि सोबत एक सुटातले गृहस्थ. त्यांनी आधीच बजावलं की सील आम्ही तोडायची नाहीत, आत काही बिघडलं तर पेटी त्यांच्या देशात जाईल आणि दुरुस्त होऊन येईल. "किती दिवसांत?" मी विचारलं. "साधारण चार महिने," असं दुभाष्याने हसत सांगितलं. आमचा लंबू शेजारी उभा होता. लंबू म्हणजे माझ्या हाताखाली अकरा वर्षं तयार झालेला गनर, उंची सहा फूट दोन इंच आणि जीभ त्याहून लांब. तो म्हणाला, "उस्ताद, हे तर जावईबापू. रुसले तर थेट आपल्या घरी." तेव्हापासून जावईबापू हेच नाव पडलं.

आपलं आलं हिरव्या पेटीतून. पेटीची एक कडी तुटलेली, ती पट्ट्याने बांधलेली. सोबत एक चष्मेवाली बाई, असेल बत्तीस-तेहतीसची, हाताला ग्रीस. मला वाटलं पेटी उचलायला आलीय. निघाली सगळ्या तुकडीची प्रमुख. मी सील कुठं आहे विचारलं तर खिशातून पाना काढून म्हणाली, "उघडून दाखवू?" आणि उघडलंसुद्धा. लंबूने हिचं नाव धाकटी ठेवलं. क्षेपणास्त्राचं, बाईचं नाही.

खरं सांगतो, माझा कल जावईबापूंकडे आहे. वहीत खोटं कशाला लिहू? पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, घरचं म्हणून कौतुक करायला हे काय शाळेतलं स्नेहसंमेलन आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. सकाळी बायकोने फर्मावलं, बाजारातून दोन डझन बटाटे आणा, काळे. काळे बटाटे? आणि डझनावर? पण मी वाद घातला नाही. मातीसकट असतील ते काळे, असं धरून चोवीस मोजून आणले. तिने पिशवीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बटणं हो, बटणं! जाकिटाला बटाटे लावू का?" आता ही मशीनवर बसून, तोंडात टाचण्या धरून बोलणार, आणि चूक माझी.

लेकीने वाढदिवसाला पाठवलेलं गजराचं घड्याळ मुकं निघालं. चौथा दिवस, एकदाही वाजलं नाही. दिसायला मोठं देखणं. बायकोला म्हटलं, परत पाठवून दे. ती म्हणाली, "राहू दे हो." म्हणून राहू दिलं.

एक गोष्ट मनाला लागते. ही पूर्वी शिवताना गुणगुणायची. सूर बेताचा, पण घरात कोणीतरी खूश आहे हे कळायचं. तीन-चार वर्षं झाली, बंद केलंय. विचारायचं म्हणतो आणि राहून जातं. माझंच काहीतरी बोलणं लागलं असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली चाचणी. मारायचं नव्हतं, नुसतं लॉक करून बघायचं. समोरून ड्रोन येतो, शेपटीला तापलेली नळी. आपण निशाण धरायचं, बटण दाबायचं, की आत गॅस सुटून क्षेपणास्त्राचा डोळा थंड होतो आणि त्याला गरम वस्तू दिसायला लागते. दिसली, पकड बसली, की टोन येतो. टोन आला की ट्रिगर. हे सगळं चाळीस सेकंदांत, कारण गॅस तेवढाच.

जावईबापू खांद्यावर घेतले, गाल टेकवला आणि काय सांगू! टोन असा आला की गालाच्या हाडापासून दाढांपर्यंत झिणझिण्या. तीनपैकी तीन. वा! एकच खोड सापडली. गॅसची बाटली पिळून बसवायची चकती इतकी बारीक की आमचे जाड हातमोजे घालून ती धरताच येत नाही. तीनदा सुटली. मी सुटातल्यांना दाखवलं. त्यांनी टिपून घेतलं आणि मला चॉकलेट दिलं.

मग धाकटी. वजनाला हलकी, खांद्यावर बसते छान. निशाण धरलं, बटण दाबलं. काही नाही. पाच सेकंद, दहा, तीस, चाळीस. गॅस संपला. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा तेच. मुकी! मी खाली ठेवली आणि म्हटलं, "बाई, तुमची पोरगी बोलत नाही."

चष्मेवाली म्हणाली, आमच्या यंत्रात टोन नोंदलाय, तिन्ही वेळा, चौथ्या सेकंदाला. मी म्हटलं, "यंत्राला कान आहेत, आणि मला काय भोकं आहेत?" सगळे खाली बघायला लागले. नंतर लंबूने केली तर तो म्हणतो, आला की टोन, चांगला खणखणीत. मी ओळखतो त्याला. बाईसमोर बरं दिसायचं असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. जावईबापू तीनपैकी तीन, धाकटी तीनपैकी शून्य.

जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाली माझ्या टेबलाशी आली. बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसली. मग इकडेतिकडे बघून अगदी हळू म्हणाली, "उस्ताद, राग मानू नका, पण एकदा सामान तपासून घ्या ना." राग कसला? दुपारी मी सगळं सामान तपासलं. हातमोजे, गॉगल, दुर्बिणी, पट्टे, एकूण एक. सगळं ठीक. जाऊन तिला तसं सांगितलं, "सामान उत्तम आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं." चेहरा पडला बिचारीचा. सहा वर्षं खपलीय म्हणे ह्यावर.

वाईट वाटलं. पण वाईट वाटून टोन येत नाही. संध्याकाळी अहवाल लिहिला. 'देशी क्षेपणास्त्र: लॉक झाल्याचा आवाज गनरला मिळत नाही. सहापैकी शून्य. वापरण्यास अयोग्य.' सही ठोकली. सोमवारी चोवीस तारखेला समिती बसणार, त्यात धाकटीचं नाव कापलं जाईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

सकाळी ते मुकं घड्याळ घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मिस्त्री हुशार, बंदुकीपासून पंख्यापर्यंत काहीही उघडतो. आत सात-आठ जण कामात होते. मी घड्याळ त्याच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "ह्याची वाचा बसलीय, बघ जरा." त्याने उलटसुलट केलं, मागची चकती फिरवली, बटण दाबलं.

आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

एकजात सगळ्यांनी. कोपऱ्यात कानशीने घासणारा तोसुद्धा. एकाने दारातून आत डोकावून शिवी हासडली. मिस्त्रीचं तोंड हलत होतं, घाईघाईने ते बटण शोधत होता. मी एकटा मधोमध उभा, हात खाली, आणि मी विचारलं, "वाजतंय का?"

बटण सापडलं तसे सगळ्यांनी हात खाली घेतले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रीने घड्याळ पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "छान आहे उस्ताद. काहीसुद्धा झालेलं नाही."

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल रेंजवर परत गेलोच नाही. घरी आलो. बायको मशीनवर होती. घड्याळ तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे रोज वाजतं?"

तिने पाय थांबवला. म्हणाली, "रोज. सहाला. तुम्ही शेजारी घोरत असता आणि मी उठून बंद करते. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, वाजतं हो."

वाजतं हो. राहू दे हो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार वर्षं."

मी चिडलो. चार वर्षं! आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नाही."

आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. ती डोळे पुसत हसत होती. मी हसता हसता कधी थांबलो ते कळलं नाही, कारण मला एकदम आठवलं. कान. कान तपासून घ्या ना. ती बाई सामान म्हणाली नव्हती. आणि मी पठ्ठ्या हातमोजे मोजत बसलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुपचूप एका डॉक्टरणीकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे भोंगे लावले. आवाज आला की बोट वर करायचं. बराच वेळ बोट वर केलं. मग बराच वेळ आवाजच पाठवत नव्हती, मी शांत बसून राहिलो. बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला. ती पाठवतच होती. जाड आवाज मला लख्ख ऐकू येतात, बारीक, चिरके आवाज शून्य. तीस वर्षांच्या स्फोटांची करामत. जावईबापू मला ऐकू येत होते ते कानाने नाही, गालाच्या हाडाने. त्यांच्यात गालाशी थरथरणारी पट्टी आहे. धाकटीत ती नाही, तिचा आवाज थेट कानात आणि बारीक.

म्हणजे चाळीस सेकंद ती माझ्या कानाशी किंचाळत होती आणि मी जगाला सांगत होतो की मुकी आहे.

आता प्रश्न. सोमवारी समिती. मी गप्प बसलो तर कोणाला काही कळणार नाही. जावईबापू येतील, वाईट नाहीत ते, पोरं सुरक्षित राहतील, मी मुख्य उस्ताद होईन. बोललो तर दुसऱ्या दिवशी फायरिंग रेंज बंद. बहिऱ्याला कोण उभं करील तिथं? रेंज सोडून मला येतं काय? वर्गात फळ्यासमोर उभं राहण्याच्या कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

मधली वाट काढून बघितली. एक चिठ्ठी लिहिली: 'चाचणीच्या वेळी वाऱ्याच्या झोतामुळे आवाज स्पष्ट न मिळाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाचून दाखवली. बायको म्हणाली, "वारा होता?"

पानसुद्धा हलत नव्हतं. चिठ्ठी फाडली.

लंबूचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. तो खरं बोलला होता आणि मी त्याला लाळघोट्या ठरवलं. त्या चष्मेवालीने सहा वर्षं घालवली, आणि माझ्या कानांपायी तिची पेटी अडगळीत जायची. आणि ज्या पोरांसाठी मी छाती फुगवून सही केली, त्यांना कोणतं बरं, हे मी खरं म्हणजे सांगितलेलंच नाही. भीती वाटते. लिहून ठेवतो, मला भीती वाटते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. डॉक्टरचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, धाकटी बोलते. मीच बहिरा आहे. माझी सही रद्द धरा."

साहेब पाच मिनिटं ओरडले. एक शब्द सुटला नाही माझा. कोणत्या तोंडाने समितीसमोर जाऊ, तीस वर्षांचा उस्ताद आणि हे, वगैरे वगैरे. मी सावधानमध्ये उभा. मग ते दमले, पाणी प्यायले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगा, त्या डॉक्टरणीने तुम्हाला कुठल्या खोलीत बसवलं? म्हणजे, दुखतं वगैरे का?" आणि उजवा कान चोळायला लागले.

मग लंबूकडे गेलो. माफी मागितली. असा अवघडला की काय सांगू. म्हणाला, "अहो उस्ताद, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर आम्ही तुमच्या डाव्या बाजूला उभे राहतो." इतके दिवस मला वाटत होतं ती शिस्त आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

समितीने निकाल पुढे ढकलला. साहेबांनी डोकं चालवलं: एक उस्ताद बहिरा निघाला, तर बाकीचे? काल आणि आज सगळ्या जुन्या गनरांना त्या काचेच्या खोलीत बसवलं. चौतीस जण. त्यातल्या एकोणीस जणांना बारीक टोन ऐकू येत नाही. एकोणीस! त्यातले निम्मे इतके दिवस शेजारच्याचं तोंड बघून 'आला आला' म्हणत होते.

त्यामुळे माझी ओळ चुकीची, पण दुखणं खरं. आता समितीने दोघांनाही एकेक काम दिलंय. धाकटीने बहिऱ्यालाही कळेल असं बोलायचं. जावईबापूंनी हातमोज्यात धरता येईल अशी चकती द्यायची.

सुटातले गृहस्थ सज्जन निघाले, लपवाछपवी केली नाही. त्यांनी फोन लावला, बराच वेळ बोलले, आणि सांगितलं की चकती बदलता येईल, पण आधी करार, मग नकाशे, मग त्यांच्याकडची चाचणी. अठरा महिने. चष्मेवालीला विचारलं तर तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "पंधरा दिवस. पण मला उस्ताद लागतील."

रेंजवरून माझं नाव निघालं. ठरल्याप्रमाणे. आज फलकावर माझ्या जागी लंबूचं नाव बघितलं. खडू मीच आणून दिला होता.

१ मार्च, शनिवार

चष्मेवाली घरी आली. बेल तीनदा वाजवली म्हणे. मी दाराच्या मागेच पेपर वाचत बसलेलो. शेवटी आतून बायकोचा आवाज आला, "अहो!" आणि मी ताडकन उठून म्हटलं, "काय गं?"

दार उघडलं तर बाई दारातच डोळे विस्फारून उभी. "हे ऐकू आलं तुम्हाला? आतल्या खोलीतून? बंद दारातून?"

मी म्हटलं, "हे कोणाला ऐकू येत नाही? हिचा आवाज रेंजपर्यंत जातो." तर बाईने पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि सरळ आत गेली. "काकू, जरा पुन्हा म्हणता?"

बायको लाजली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला लाजताना किती वेळा पाहिलं, एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. "अगं, नवऱ्याला मारायची हाक ती मशीनमध्ये कशी मारू? शिवाय हे समोर उभे. कारण नसताना अहो कशाला म्हणायचं?" मग मला बाहेर पिटाळलं. चष्मेवालीने अकरा वेळा म्हणवून घेतलं. रागातलं, घाईतलं, चहा झाला आहे असं सांगणारं, बटाटे पाहिल्यानंतरचं. मी बाहेरून अकराच्या अकरा वेळा "काय गं" म्हटलं. सवयच ती.

बाईने कागदावर रेघा काढून समजावलं. हिच्या 'अहो'त आधी एक जाड, खालचा सूर आहे, आणि मग एक पायरी वर चढून ठाम सूर. दोन्ही नेमके माझ्या शाबूत पट्टीत. तसंच करायचं. क्षेपणास्त्राला काही दिसलं की खालचा सूर, 'अ'. पकड पक्की बसली की वरचा, 'हो'. शिवाय गालाशी थरथरणारी पट्टी बसवायची. मी म्हटलं, "म्हणजे 'हो' म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही."

"बरोबर," बायको आतून म्हणाली. "घरातही हाच नियम ठेवा."

१२ मार्च, बुधवार

बरोबर पंधराव्या दिवशी धाकटी परत आली. पेटीची कडी अजून पट्ट्यानेच बांधलेली. ती बदलायला वेळ मिळाला नाही म्हणे.

आज खरं मारायचं होतं. लंबू फायरिंगला. साहेबांनी मला खास परवानगी दिली, त्याच्या शेजारी उभं राहायची, खांद्यावर हात ठेवून. समिती दुर्बिणी लावून बसलेली. सुटातलेही आले होते. चष्मेवालीने नखं खाऊन संपवली होती.

ड्रोन टेकडीमागून वर आला, अगदी खालून, झाडांना घासत. लंबूने निशाण धरलं, बटण दाबलं. मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

आणि आलं! कानाने ऐकलं मी, हाडाने नव्हे. 'अ…' जाड, खालचं, कोणीतरी आतल्या खोलीतून हाक मारायला सुरुवात करावी तसं. लंबूचं बोट ट्रिगरवर, पण हललं नाही. माझा हात त्याच्या खांद्यावर घट्ट. ड्रोन वळला. 'अ… अ…' आणि मग, '…हो!'

"काय गं!" मी ओरडलो.

समितीसकट सगळ्यांनी ऐकलं असणार. पण लंबूने ट्रिगर ओढलेला होता, धूर झाला होता, आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. चार सेकंदांनी आकाशात एक लाल ठिणगी आणि ड्रोनचे तुकडे टेकडीवर. टाळ्या. लंबूने मला उचललं. चष्मेवाली खाली बसली होती, ग्रीसचे हात तोंडावर. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "बाई, सामान तपासून घेतलं बरं का." ती रडता रडता हसली.

सुटातल्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुभाष्याला टाळून, आमच्या भाषेत, तोडक्यामोडक्या, म्हणाले, "तुमची ऐकते. आमची नाही." फार मोठ्या मनाचा माणूस. मी त्यांना खिशातलं त्यांचंच चॉकलेट दिलं.

१८ मार्च, मंगळवार

निकाल लागला. तातडीची गरज म्हणून थोडे जावईबापू घ्यायचे, आहेत तसे, बारीक चकतीसकट. बाकी सगळी धाकटी. साहेबांनी समितीचं कारण वाचून दाखवलं, सरकारी भाषेतलं, अर्ध्या पानाचं. त्याचा अर्थ सुटातल्यांनी चार शब्दांत आधीच सांगितला होता.

माझं काय? रेंज गेली ती गेलीच. एक तारखेपासून वर्गात, फळ्यासमोर. नव्या पोरांना धाकटी शिकवायची. पहिला धडा मी ठरवून टाकलाय: लॉक कसं करायचं हे नंतर, आधी काचेच्या खोलीत जाऊन या. रेंज सुटल्याचं दुःख आहे. उगाच मोठेपणा करत नाही. सकाळी पाय अजून फलकाकडेच वळतात. पण पोरं आता काय म्हणतात माहीत आहे? टोनला टोन म्हणतच नाहीत. "काकूंचा आवाज आला का?" "आला!" बायकोला सांगितलं तर आधी रागावली, मग मशीन पुसताना तीनदा विचारलं, "सगळेच म्हणतात?"

दुपारी कानाचं मशीन मिळालं. वाटाण्याएवढं. डॉक्टरणीने बसवून दिलं. बाहेर पडलो तर केवढा गोंगाट! माझे स्वतःचे बूट करकरतात. खिशात किल्ल्या वाजतात. इतकी वर्षं मी असा वाजत चाललो होतो आणि मला सांगितलं नाही कोणी. सांगितलं असेल म्हणा.

घराशी आलो. दार उघडंच होतं. आत मशीनची खडखड चालली होती, ती पूर्वीही ऐकू यायची. पण तिच्या वर, बारीक, काहीतरी होतं. आधी वाटलं नवं यंत्र शिट्टी मारतंय. मग ओळखलं. ही गुणगुणत होती. तेच जुनं गाणं, आणि दुसऱ्या ओळीला सूर अजून तिथंच घसरतो. चार वर्षं मी समजत होतो की हिनं गाणं सोडलं, माझंच काहीतरी बोलणं लागलं म्हणून. ती रोज गात होती.

आत जाऊन सांगायचं होतं बरंच काही. निकाल, मशीन, सगळं. पण गेलो तर ती थांबेल, असं वाटलं. तसाच दारात उभा राहिलो, किल्ल्या मुठीत घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून. तिने गाणं संपवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच चुकली. मग दोरा तोडायला मान वळवली आणि मी दिसलो.

"अहो," ती म्हणाली.

मग आत गेलो.